छाट

निपाणीत माझी बोटं सगळ्यांच्या ओळखीची.
हजार बिड्या सुपात ओतल्या
की डोळे मिटून सांगायचो:
ही सैल, ही फुटकी, हिचं तोंड नीट मुडपलेलं नाही.
छाट.

हजाराला वीस छाट, हा कारखान्याचा नियम.
हजाराला साठ, हा माझा.
छाटलेल्या बिड्या कोणी फेकत नाही,
मागच्या दाराने निघून त्या
संकेश्वरच्या बाजारात चांगल्या होऊन बसतात.

एका दिवसात कोणी देवाकडे पाठ करत नाही.
मी आधी नुसती मान वळवली,
रिबकाच्या पहिल्या बाळंतपणाआधीच्या शनिवारी,
बारा बिड्या.
मग खांदा.
मग सगळा माणूसच वळतो
आणि त्याला वाटतं, समोर म्हणतात ते हेच.

रविवारी मात्र इस्त्रीचा सदरा, बाबांचा बाक,
प्रार्थनेत माझा आवाज सगळ्यांच्या वर.
फक्त प्रभुभोजनाचा पेला फिरू लागला
की मला खोकला यायचा,
मी उठून बाहेर, चिंचेखाली.
अकरा वर्षं खोकलो.
पाळक म्हणाले, आमोस, तंबाखूची धूळ वाईट,
बेळगावला छाती दाखवून ये.
दाखवली.
काळा फोटो खिडकीच्या उजेडाला धरून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
इथं तर काहीच नाही.

ते वाक्य मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो.
हत्तरगीला कोणी शेंगा विकायला चढलं,
कोणी कानडीत भांडलं, कोणी मराठीत उत्तर दिलं.
इथं तर काहीच नाही.
खरंच नव्हतं. कधीपासून, ते आठवेना.

चोराची वही नसते. अंदाजाने बेरीज केली.
रिबकाने पाटल्या काढून दिल्या,
म्हणाली, कधीतरी सांगशील म्हणून थांबले होते.
मग मनगट चोळत बसली.

सगळ्यांत जास्त मी छाटलं मल्लव्वाचं.
तिच्या बिड्या सगळ्यांत सुबक,
आणि ती भांडत नसे.

"बर्री, कूडरी," ती म्हणाली,
तपासनीस दारात आला की म्हणायचं तसंच.
मी पैसे तिच्या सुपात ठेवले.
जे बोलायचं ठरवून गेलो होतो त्यातलं
निम्मंच तोंडातून निघालं.
पान कातरणारी कात्री थांबली.
तिने उठून पत्र्याची पेटी सरकवली.
मागे भिंतीवर कोळशाच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
कोनाड्यापासून पार जमिनीपर्यंत.
दर दिवाळीला ती घर सारवायची, चुना लावायची,
तेवढी भिंत सोडून.

लिहायला ती शिकली नव्हती.
बोट ठेवून मोजत राहिली,
दिवा लावायची वेळ टळून गेली तरी.
मग माझ्या नोटांतून सत्तर रुपये वेगळे काढले
आणि माझ्या हातावर ठेवले.
"हे जास्तीचं. तुमचं मला कशाला?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही.
मी विचारलंही नाही.
चहा दिला नाही. पाणी दिलं,
स्वच्छ घासलेल्या तांब्यात.

अजून तेवीस दारं राहिलीत.
कारखान्याने हिशोब करून मला घरी पाठवलं,
हजाराला एक छाट मीच.

काल शेवटच्या बाकावर बसलो.
पेला जवळ आला तशी छाती भरून आली,
खोकल्याची वाट पाहिली, आला नाही.
माझ्या बोटांना अजून वास होता.
ज्याने पेला पुढे केला
त्याने मला सुपात ओतलं नाही,
दाबून पाहिलं नाही.

ते सत्तर रुपये सदऱ्याच्या खिशात आहेत.
दानपेटीपाशी हात तिथवर गेला होता.
ते माझे नाहीत, हे मला कळतं.
मल्लव्वा म्हणते, तिचेही नाहीत.